'पोहोचला' म्हणजे नेमके कुठवर? कीड-सल्ल्याचा संदेश आणि मोबाइल जाळ्याची पोच

मराठवाड्यातील एका तालुक्यात कपाशीच्या कीड-सर्वेक्षणाचा प्रकल्प चालू असताना आम्ही शेतकऱ्यांना एसएमएसद्वारे सल्ला पाठवीत असू. प्रयोगशाळा बेंगळुरूत, हेब्बाळला. शेते शेकडो किलोमीटर दूर. प्रकल्पात मराठी लिहिणारी मी एकटीच, म्हणून संदेशाचा मजकूर तयार करण्याचे काम माझ्याकडे आले. संदेश पाठविणाऱ्या मध्यस्थ कंपनीकडून दर आठवड्याला एक तक्ता येई. त्यात मोबाइल क्रमांक, पाठविल्याची वेळ आणि शेवटच्या रकान्यात एकच शब्द असे: 'डिलिव्हर्ड'. जवळजवळ प्रत्येक ओळीत तोच. आढावा बैठकीत हा तक्ता पडद्यावर दाखविला की सर्वांचे समाधान होई. माझेही होत असे.

सप्टेंबरच्या आरंभी प्रक्षेत्र भेटीला गेले असता एका शेतकऱ्याने दहा-बारा हिरवी बोंडे तोडून माझ्यासमोर फोडली. निम्म्याहून अधिक बोंडांत गुलाबी अळी होती. सापळ्यांतील पतंगांची संख्या वाढल्याचा इशारा आम्ही वेळेवर दिला होता, असे मी म्हणताच त्यांनी खिशातून साधा बटणांचा फोन काढून संदेश दाखविला. संदेश आलेला होता. पण आम्ही पाठविल्यानंतर चौथ्या दिवशी. "ताई, पावसात लाइट गेली होती, मोबाइल बंद पडला होता. लाइट आली, चार्जिंग झाले, मग हा आला," ते म्हणाले. त्यांच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता, आणि तेच मला अधिक लागले.

बेंगळुरूला परतल्यावर मी कंपनीकडे संदेश प्रत्यक्ष पोहोचल्याची वेळ मागितली. उत्तर आले की तो रकाना आमच्याकडे असतोच, तुम्ही कधी मागितला नव्हता. तो रकाना जोडून तक्ता पुन्हा पाहिला तेव्हा पावसाच्या त्या आठवड्यातील अनेक 'डिलिव्हर्ड' दोन, तीन, चार दिवसांनी झालेले दिसले. तक्ता खोटा नव्हता. आम्ही त्याला चुकीचा प्रश्न विचारीत होतो.

कपाशीच्या बाबतीत चार दिवस म्हणजे काय, हे या पत्रिकेच्या वाचकांना ठाऊक आहे. तरी हिशेब मांडून ठेवलेला बरा. गुलाबी बोंडअळीची अंडी साधारणतः तीन ते सहा दिवसांत उबतात. बाहेर आलेली अळी उघड्यावर फार काळ राहत नाही. थोड्याच अवधीत ती फुलात किंवा कोवळ्या बोंडात शिरते, शिरल्याचे छिद्र पुढे बुजून जाते, आणि मग बाहेरून केलेली फवारणी तिच्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणूनच कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री प्रत्येकी आठ पतंग ही आपण आर्थिक नुकसानीची संकेत पातळी धरतो. त्या पातळीनंतरचे थोडे दिवसच काय ते आपल्या हातात असतात. त्यानंतर पोहोचलेला सल्ला शास्त्रीयदृष्ट्या अचूक असला तरी शेतकऱ्याला खर्चात पाडतो: अळी बोंडाच्या आत, औषध बोंडाच्या बाहेर, आणि फवारणारा माणूस विषाच्या सान्निध्यात. २०१७ च्या खरिपात विदर्भ-मराठवाड्यात गुलाबी बोंडअळीने काय केले आणि त्याच हंगामात यवतमाळमध्ये फवारणीच्या विषबाधेने किती घरे उजाड झाली, ते पाहिलेल्यांना याहून अधिक सांगण्याची गरज नाही.

तेव्हापासून संदेशाची पोच कशी मिळते हा विषय मी कीटकांच्या जीवनचक्रासारखाच अवस्थांनुसार समजून घेऊ लागले. जे कळले ते विस्तार कार्यकर्त्यांच्या उपयोगाचे आहे, म्हणून हा लेख.

संदेश आधी केंद्रात थांबतो

एसएमएस पाठविणाऱ्याकडून थेट घेणाऱ्याकडे जात नाही. तो आधी मोबाइल कंपनीच्या संदेश केंद्रात जातो. केंद्राने तो स्वीकारला की पाठविणाऱ्याला एक क्रमांक मिळतो. ही पहिली पोच. टपाल कचेरीच्या खिडकीवर पाकीट दिल्यानंतर मिळणाऱ्या पावतीइतकाच तिचा अर्थ. पत्र अजून त्याच इमारतीत आहे. काही संगणक प्रणालींत 'सेंट' असे जे दिसते ते एवढेच असते. भारतात या खिडकीपाशी आणखी एक चाळणी आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१८ च्या विनियमांनुसार घाऊक संदेश पाठविणाऱ्या संस्थेला आपले प्रेषक-नाव आणि मजकुराचा साचा आधी नोंदवावा लागतो; साच्याशी न जुळणारा संदेश पुढे सोडला जात नाही. ८ मार्च २०२१ रोजी या तपासणीची काटेकोर अंमलबजावणी सुरू होताच देशभर बँकांचे ओटीपीसुद्धा अडकले आणि प्राधिकरणाला ती आठवडाभर स्थगित करावी लागली. आपल्या सल्ल्याचा मजकूर ऐनवेळी बदलताना हे ध्यानात ठेवावे.

संदेश केंद्र नंतर ग्राहकांच्या नोंदवहीला विचारते की हा क्रमांक आज कोणत्या भागात आहे. उत्तर मिळाले की त्या भागातील यंत्रणेमार्फत फोनला हाक दिली जाते, फोन संदेश घेतो, साठवितो आणि 'मिळाला' असे उत्तर देतो. ही दुसरी पोच, आणि 'डिलिव्हर्ड' या शब्दामागे बहुधा हीच असते. हे उत्तर फोन देतो, माणूस नव्हे. फोन सदऱ्याच्या खिशात असो, चार्जिंगला लावून घरी ठेवलेला असो, की नातवाच्या हातात खेळात गुंतलेला असो, उत्तर तेच जाते. शिवाय ही पोच पाठविणाऱ्याला आपोआप मिळत नाही. संदेश देतानाच 'स्थिती कळवा' अशी मागणी करावी लागते.

फोन बंद असेल किंवा रेंजबाहेर असेल तर काय होते, हा सर्वांत उपयुक्त भाग आहे. केंद्राला उत्तर मिळत नाही. तेव्हा ग्राहकांच्या नोंदवहीत 'या क्रमांकासाठी संदेश थांबला आहे' अशी खूण केली जाते. फोन पुन्हा जाळ्यात आला की नोंदवही केंद्राला वर्दी देते आणि केंद्र संदेश पुन्हा सोडते. दोन दिवसांनी फोन चालू करताच एकापाठोपाठ एक संदेश येतात, ते या वर्दीमुळे. साध्या फोनची साठवण भरली असेल तर फोन 'जागा नाही' असे उत्तर देतो, आणि जुने संदेश पुसून जागा झाली की स्वतःच जाळ्याला तसे कळवितो. ही व्यवस्था किती विचारपूर्वक केली आहे हे पाहून मला कौतुक वाटते. एसएमएसची कल्पना पुढे आली तेव्हा फोन सतत चालू असतील असे कोणी गृहीत धरले नव्हते. आपल्या खेड्यांतील वीजपुरवठ्यासाठीच जणू ती आखली गेली. ३ डिसेंबर १९९२ रोजी ब्रिटनमध्ये गेलेल्या जगातील पहिल्या एसएमएसच्या वेळी तर घेणाऱ्याच्या फोनवरून उलट संदेश टाइप करून पाठविण्याची सोयही नव्हती.

मात्र केंद्र अनंत काळ वाट पाहत नाही. प्रत्येक संदेशाला मुदत असते; ती पाठविणारा ठरवू शकतो, न ठरविल्यास कंपनीची नेहमीची मुदत लागू होते. मुदतीत फोन सापडला नाही तर संदेश रद्द होतो आणि तक्त्यात 'एक्स्पायर्ड' असे येते. आमचा दोष येथे होता. आम्ही मुदत कधी लिहिलीच नव्हती, आणि जी लागू होत होती ती बोंडअळीच्या अंड्याच्या अवस्थेइतकी लांब होती. 'एक्स्पायर्ड' हा शब्द तक्त्यात वाईट दिसतो, म्हणून लांब मुदत ठेवण्याकडे सर्वांचाच कल असतो. टक्केवारी छान येते. माझे मत याच्या नेमके उलट झाले आहे. कीड-इशाऱ्याची मुदत एक दिवसाहून अधिक असू नये. रद्द झालेला संदेश आपल्याला दुसऱ्याच दिवशी सांगतो की या शेतकऱ्यापर्यंत आपण पोहोचलो नाही, आणि तेव्हा अजून वेळ असतो. चौथ्या दिवशी 'पोहोचलेला' संदेश हीच गोष्ट लपवून ठेवतो.

सत्तर जागांचे शेत

मराठी संदेशाची आणखी एक अडचण आहे, ती इंग्रजी मजकूर पाठविणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात. इंग्रजी अक्षरे सात-सात बिटांत बसवून १६० चिन्हे होतात. देवनागरीला प्रत्येक चिन्हासाठी दोन बाइट लागतात, म्हणून ७० चिन्हेच मावतात. आणि ही चिन्हे म्हणजे आपण मोजतो ती अक्षरे नव्हेत. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, पाय मोडण्याची खूण, प्रत्येकाला स्वतंत्र जागा लागते. 'गुलाबी' हा आपल्या दृष्टीने तीन अक्षरांचा शब्द सहा जागा घेतो; एकटा 'क्ष' तीन जागा खातो.

आमचा एक जुना मजकूर पाहा: 'गुलाबी बोंडअळी: सापळ्यात सलग ३ दिवस रोज ८ पतंग आढळल्यास फवारणी करा'. रिकाम्या जागा धरून यात ६६ चिन्हे झाली. उरलेल्या चार जागांत औषधाचे नाव, मात्रा, हातमोजे वापरण्याची सूचना काहीच मावत नाही. म्हणून मजकूर दोन-तीन भागांत जातो. जोडसंदेशात प्रत्येक भागाला आपला अनुक्रमांक वाहावा लागत असल्याने भागागणिक ६७ चिन्हेच उरतात. फोन हे भाग जुळवून एक संदेश दाखवितो, पण जाळ्याच्या दृष्टीने ते वेगवेगळे संदेश असतात आणि प्रत्येकाची पोच वेगळी येते. रेंज डळमळीत असलेल्या ठिकाणी दोन भाग जातात, तिसरा अडकतो, आणि पुष्कळ फोन सर्व भाग येईपर्यंत काहीच दाखवीत नाहीत. तक्ता करणारा पहिल्या भागाची पोच मोजत असेल तर तो संदेशही 'पोहोचलेला' ठरतो. यावर माझा तोडगा साधा आहे: ज्यावर कृती अवलंबून आहे ते पहिल्या सत्तर जागांत, स्वतंत्र संदेश म्हणून, तारखेसह पाठवावे, औषध, मात्रा व दक्षता दुसऱ्या स्वतंत्र संदेशात. तारीख महत्त्वाची, कारण उशिरा आलेला संदेश वाचणाऱ्याला निदान तो शिळा आहे हे कळते.

क्रमांक कुणाचा, हा प्रश्न तंत्राचा नाही, पण पोच त्यावरच उभी आहे. नोंदणीच्या वेळी दिलेला क्रमांक पुष्कळदा पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाचा असतो. बंद झालेला क्रमांक किमान ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो. तो नवा ग्राहक आपला बोंडअळीचा संदेश घेतो आणि त्याचा फोन इमानाने पोच देतो. घाऊक संदेशांच्या व्यवसायात बनावट पोच देणारे मध्यस्थ ही तर जगभर ठाऊक असलेली व्याधी आहे. ती पकडण्याचा मार्ग सोपा आहे. यादीत आपल्या कार्यालयातील पाच-सहा क्रमांक मिसळावेत आणि त्यांपैकी दोन फोन मुद्दाम बंद ठेवावेत. बंद फोनचीही पोच आली तर बोलण्यासारखे काही उरत नाही.

छायाचित्र पाठविताना

एसएमएसखेरीज आता आपण ॲपवरून किडींची छायाचित्रे पाठवितो. १५ ऑगस्ट २०२४ रोजी सुरू झालेली केंद्र शासनाची राष्ट्रीय कीड सर्वेक्षण प्रणाली त्यावरच चालते. येथे पोचेचे स्वरूप निराळे आहे आणि, माझ्या मते, अधिक रंजक.

फोर-जी जाळ्यात माहितीचे लहान लहान तुकडे करून ती पाठविली जाते. एकेका तुकड्याला एक सहस्रांश सेकंद मिळतो. प्रत्येक तुकड्यासोबत २४ बिटांची तपासणी-संख्या असते. टॉवरकडून तुकडा मिळाला की फोन ती संख्या पडताळतो आणि सुमारे चार सहस्रांश सेकंदांनी एका बिटात उत्तर देतो: बरोबर किंवा चूक. चूक असेल तर टॉवर पुन्हा पाठवितो. फोन मात्र बिघडलेली पहिली प्रत फेकून देत नाही. दुसरी प्रत आली की दोन्ही एकत्र करून मूळ मजकूर काढण्याचा प्रयत्न करतो. धूसर अशी दोन छायाचित्रे शेजारी ठेवून पतंगाच्या पंखावरील खुणा ओळखाव्यात, तसे. आपण छायाचित्र पाठवितो तेव्हा हीच देवाणघेवाण उलट्या दिशेने होते.

यातील एक गोष्ट कीटकशास्त्रज्ञाला लगेच जवळची वाटते. जाळे पहिल्या खेपेत सर्व तुकडे अचूक जावेत असा आग्रह धरत नाही. साधारण दहांत एक तुकडा पहिल्या खेपेला बिघडेल अशा बेताने वेग ठरविला जातो. एकही चूक नको म्हटले तर वेग इतका कमी ठेवावा लागेल की एकंदरीत तोटाच होईल. शेतातील प्रत्येक कीटक मारण्याच्या हट्टाऐवजी आपण संकेत पातळी पाळतो, त्यामागील हिशेब याहून वेगळा नाही. गंमत अशी की बोंडअळीसाठी प्रादुर्भावाची संकेत पातळीही दहा टक्केच आहे. हा अर्थात योगायोग.

एका बिटाचे हे उत्तरही वाटेत बिघडू शकते. फोनने 'चूक' म्हटलेले टॉवरला 'बरोबर' असे ऐकू आले तर तुकडा कायमचा हरवेल. म्हणून या थराच्या वर दुसरा थर असतो: तो तुकड्यांना अनुक्रमांक देतो आणि अधूनमधून 'अमुक ते अमुक मिळाले, हा मिळाला नाही' अशी यादी मागवितो. त्याच्याही वर, दूरच्या सर्व्हरचे आणि फोनचे आपसांतील पोचेचे बोलणे चालू असते. टॉवर त्यात पडत नाही. सर्वांत वर ॲप. व्हॉट्सॲपमधील एक खूण म्हणजे सर्व्हरपर्यंत, दोन खुणा म्हणजे समोरच्या फोनपर्यंत, आणि २०१४ मध्ये आलेल्या निळ्या खुणा म्हणजे संभाषण उघडले गेले. प्रत्येक थराची पोच खरी असते. ती फक्त आपल्यापुरते बोलते. शेतात रेंज नसताना ॲपने 'जतन झाले' म्हटले, तर ते फोनमध्ये जतन झाले असा अर्थ घ्यावा. सर्व्हरकडून नोंद क्रमांक येईपर्यंत छायाचित्र पुसू नये.

संगणकशास्त्रात यासंबंधी एक जुने कोडे सांगितले जाते. दोन टेकड्यांवर दोन सेनापती आहेत. मधल्या खोऱ्यात शत्रू आहे. एकाच वेळी हल्ला करायचा तर निरोप्या पाठवावा लागणार, आणि निरोप्या पकडला जाऊ शकतो. पोच आली तरी ती पाठविणाऱ्याला पोच मिळाल्याची पोच हवी, मग तिचीही. निरोपांची संख्या कितीही वाढविली तरी शेवटचा निरोप पाठविणारा अनिश्चितच राहतो, हे गणिताने सिद्ध झालेले आहे. जाळे ही अनिश्चितता संपवीत नाही. मुदत घालते आणि पुन्हा पाठविते.

फोन ते माणूस

क्रॉपसॅप प्रकल्पाने महाराष्ट्रात सर्वेक्षण आणि सल्ला यांची जी सांगड घातली, तिचा आरंभ २००८ च्या खरिपात सोयाबीनवर आलेल्या स्पोडोप्टेरा अळीच्या प्रकोपानंतर, २००९-१० मध्ये झाला. त्याआधी २००७ मध्येच महाराष्ट्रात 'रॉयटर्स मार्केट लाइट' ही एसएमएस सेवा सुरू झाली होती. भाव, हवामान आणि पीक-सल्ला ती मराठीतून देई. मार्सेल फाफशाँ आणि बार्ट मिंटेन या अर्थशास्त्रज्ञांनी महाराष्ट्रातील १०० गावांत तिची शास्त्रशुद्ध चाचणी घेतली. निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. काही शेतकऱ्यांनी विक्रीचे ठिकाण बदलले. पण मिळालेला भाव, पावसाने झालेले नुकसान, वाण किंवा मशागतीतील बदल, यांपैकी कशावरही सरासरीने लक्षणीय परिणाम आढळला नाही. संदेश पोहोचण्यात आणि शेतात काही बदलण्यात केवढे अंतर आहे, हे दाखविणारा याहून बोलका अभ्यास मला माहीत नाही. विस्तार प्रशिक्षणात तो अवश्य शिकवावा.

गुजरातमधील सुरेंद्रनगर जिल्ह्यात शॉन कोल आणि निलेश फर्नांडो यांनी केलेल्या अभ्यासात मात्र कपाशी उत्पादक शिफारस केलेल्या निविष्ठांकडे वळल्याचे दिसले. तेथे सल्ला आवाजात होता, आणि शेतकरी आपला प्रश्न उलट विचारू शकत होता. बेंगळुरूत मुख्यालय असलेल्या कॉफी मंडळाने २०१८ मध्ये सुरू केलेली 'कॉफी कृषी तरंग' सेवाही आवाजी संदेशांचीच. दोन सेवांची तुलना करून आवाज श्रेष्ठ ठरविण्याची घाई मी करणार नाही. पिके, प्रश्न, काळ सारेच निराळे आहे. पण पोचेच्या दृष्टीने आवाजाचा एक फायदा निर्विवाद आहे. फोन उचलला कधी आणि ठेवला कधी, याची नोंद जाळ्याला देयकासाठी ठेवावीच लागते. चाळीस सेकंदांचा सल्ला सहाव्या सेकंदाला तोडला गेला, हे त्या नोंदीत दिसते. एसएमएसच्या पोचेत असे काही दिसत नाही.

याच्या दुसऱ्या टोकाला सेल ब्रॉडकास्ट आहे. २०२३ मध्ये मोठा आवाज करीत सर्वांच्या फोनवर आपत्ती-इशाऱ्याचा चाचणी संदेश झळकला होता, तो या पद्धतीचा. टॉवर तो एकदम परिसरातील सर्व फोनांना ऐकवितो. क्रमांकांची यादी लागत नाही आणि कोणताही फोन पोच देत नाही. वीज किंवा पूर यांच्यासाठी ते योग्यच आहे. दवंडी देणारा प्रत्येक घरून सही घेत बसत नाही. कीड-सल्ला मात्र दवंडीने भागत नाही, कारण आपल्याला कुणाच्या दारी प्रत्यक्ष जायचे हे ठरवायचे असते.

त्यासाठी आम्ही शेवटी मिस्ड कॉलकडे वळलो. बेंगळुरूला हे काही नवे नाही. केवळ मिस्ड कॉलवर व्यवसाय उभारणारी 'झिपडायल' ही कंपनी याच शहरात २०१० मध्ये सुरू झाली आणि २०१५ मध्ये ट्विटरने ती विकत घेतली. युक्ती सर्वांना माहीत आहे: घंटी वाजताच फोन ठेवायचा. कॉल जोडताना जाळ्याने क्रमांक पलीकडे पोहोचविलेला असतो, उचलला नसल्याने पैसे पडत नाहीत. आम्ही संदेशाच्या शेवटी एक क्रमांक घातला आणि लिहिले, 'सापळे मोजल्यावर मिस्ड कॉल द्या'. संदेश वाचल्यावर नव्हे, मोजल्यावर. ही पोच फोनची नाही, माणसाची आहे, आणि ती देण्यासाठी त्याला आधी शेतात जावे लागते.

ती पूर्णतः विश्वसनीय आहे असे मी म्हणणार नाही. एक आजी संदेश दिसताच मिस्ड कॉल देत, शेत चालत अर्ध्या तासावर असताना. कृषी सहायकांनी विचारले तेव्हा म्हणाल्या, "तुम्ही वाट बघत असाल ना, म्हणून आधी करते."

सध्याची आमची पद्धत अशी आहे. सकाळी संदेश जातो, मुदत चोवीस तास. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन याद्या निघतात: ज्यांच्या फोननेच पोच दिली नाही ते, आणि ज्यांच्या फोनने दिली पण मिस्ड कॉल आला नाही ते. पहिल्या यादीतील गावे नकाशावर टाकली की कोठला टॉवर वा वीज बंद आहे ते बहुधा दिसूनच येते; त्या गावांत ग्रामपंचायतीच्या ध्वनिक्षेपकावरून सूचना दिली जाते. दुसरी यादी कृषी सहायकांकडे जाते आणि ते दुपारपर्यंत फोन करतात. आजींचा क्रमांक आम्ही कायमचा दुसऱ्या यादीत ठेवला आहे.